उकडीचा डोंगर

डोंगर मला लांबूनच आवडतात. जवळ गेलं की ते चढावे लागतात, आणि चढणं हा प्रकार माझ्या प्रकृतीला कधी मानवला नाही. तरीसुद्धा कर्नाळ्याच्या वाटेवर उंबर कुठे आहे, पायाखालचे दगड कुठे हलतात, डावीकडे फुटणारी वाट कुठे फसवते, हे मी आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन. हे सगळं द्वारकाताईंमुळे. त्यांनी तो डोंगर मला आधी खायला घातला आणि मग चढायला लावला.

खायला घातला, हे मी उगाच शोभेसाठी लिहीत नाहीये. खरोखरच खायला घातला. मीठ जरा कमी होतं.

मी पनवेलच्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि धान्य अजून रेशनवर होतं. द्वारकाताई तिथे आधीपासून भूगोल आणि गणित शिकवत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी लुगडं, आणि पायांत तपकिरी कॅनव्हासचे बूट. हो, बूट. त्या काळी नऊवारीखाली बूट म्हणजे काय गहजब असेल विचार करा! पोरी फळ्याकडे कमी आणि बाईंच्या पायांकडे जास्त बघत. एकदा एका पोरीनं धीर करून विचारलंच, तर ताई म्हणाल्या, "चपला घरात फिरायला असतात. मला घरात फार काम नाही." झालं, विषय संपला. त्या बुटांच्या नाड्या त्या दोनदा गाठ मारून बांधत आणि मग टाच आपटून पाहत. वर्गात शिरण्याआधी ही आपटाआपट बाहेर ऐकू येई, त्यामुळे आमच्या पोरी नेहमी वेळेवर गप्प बसत.

त्या लहानपणीच विधवा झालेल्या. सासरच्यांनी शिकवलं, एवढं त्यांचं भाग्य. पण शिकून नोकरी लागेपर्यंतची कितीतरी वर्षं त्यांनी मागच्या पडवीत काढली. मागल्या दारी उभं राहिलं की दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका दिसे. डोंगराच्या डोक्यावर उभा केलेला अंगठा. "रोज तो मला अंगठा दाखवायचा गं," त्या हसत सांगत, "म्हटलं, थांब लेका, येते." पहिला पगार झाल्यावर त्या कर्नाळ्याला जाऊन आल्या. एकट्या. आल्यावर आळीनं काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि पुढल्या वर्षी ठरवलं, की आता बायकांना घेऊन जायचं.

आमच्या आळीत तेव्हा नाना वकिलांचा शब्द चाले. शाळेच्या समितीवर तेच, देवळाच्या पंचांतही तेच. ताई त्यांच्या ओट्यावर गेल्या आणि उभ्यानंच म्हणाल्या, मार्गशीर्षातला एक रविवार बायकांसाठी हवा आहे. नानांनी पानाचा डबा मिटला. नाही म्हणावं तर ही बाई पुन्हा येणार, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी वकिलासारखी अट घातली.

"दिवे लागायच्या आत सगळ्या आपापल्या उंबऱ्यात. एकदा जरी चुकलं, तर पुन्हा हा विषय माझ्यापाशी काढायचा नाही."

"मान्य," ताई म्हणाल्या.

बस्स, एवढ्याच करारावर आमचा तो दिवस उभा होता. एकदा चुकलं की संपलं. आणि तो दिवस म्हणजे काय होता हे नानांच्या सुनेनं, सुशीलेनं, एकदा वाटेत बसल्या बसल्या सांगितलं होतं. म्हणाली, वर्षात तेवढ्या एका दिवशी मला कुणी हाक मारत नाही. ती हे रडून नाही, पेरू खाता खाता म्हणाली होती. पण ते ऐकून आमच्यातली जिच्या जिच्या हातात पेरू होता ती तो खायचा विसरली.

तर बेत. ताईंचा बेत महिनाभर आधी सुरू होई. रविवारी दुपारी आळीतल्या येणाऱ्या बायका त्यांच्या स्वयंपाकघरात जमत. ताई तांदळाच्या पिठाची उकड काढत, परातीत मळत आणि पाटावर तिचा डोंगर करत. कर्नाळा! खालचा पसरट भाग तळव्यानं थापायचा, सोंड बोटानं ओढायची, देवीचं देऊळ म्हणजे एक खडीसाखर, गडाचा दरवाजा म्हणजे दोन लवंगा, आणि माथ्यावरचा सुळका चिमटीत धरून वर खेचायचा. मग अंगठ्याच्या नखानं वाट कोरायची. प्रत्येकीला एक चवळीचा दाणा. तो दाणा म्हणजे ती.

आणि इथेच गंमत होती. तुम्हीआम्ही बेत करतो तो घरातून निघण्यापासून. ताई करत तो घरी पोहोचण्यापासून. सगळे दाणे आधी पाटाच्या कडेला, म्हणजे आळीत, दिवेलागणीच्या आधी. मग एकेक पाऊल मागे. त्याआधी गाडीत कधी असायला हवं? त्याआधी पायथ्याला कधी? उंबराशी कधी? असं करत करत दाणे उलटे डोंगर चढत आणि जिथे पोहोचत तिथे दुपार झालेली असे. "इथून मागे," ताई म्हणत. "वर असू, खाली असू, देवीसमोर असू. ऊन इथे आलं की पाठ फिरवायची."

मग प्रश्न. तुझा पाय मुरगळला, काय करशील? वाट चुकलीस, आता? मी दिसेनाशी झाले, तर? प्रत्येकीनं आपला दाणा बोटानं हलवून उत्तर द्यायचं. "ताईंना विचारीन" हे उत्तर चालत नसे. एकीनं तसं म्हटलं तर ताईंनी तिचा दाणा उचलून पुन्हा आळीत ठेवला आणि म्हणाल्या, तू घरीच बस. तिनं पुढच्या रविवारपर्यंत वाट तोंडपाठ केली.

माझा दाणा नेहमी सगळ्यांच्या पुढे असे. मला आधी वाटलं, शाळेतली म्हणून मान. कसला मान! "जी मागे पडते ती पुढे," ताईंनी सर्वांदेखत खुलासा केला. "म्हणजे कुणी तिला टाकून जात नाही." मी जन्मात कुठे पहिली आले असेन तर कर्नाळ्याच्या वाटेवर, आणि तीही अशी.

सगळ्यांची उत्तरं झाली की दाणे वेचायचे, लवंगा काढायच्या, आणि त्या डोंगराच्या भाकऱ्या. वाट, सुळका, दरवाजा, सगळं एका गोळ्यात. तव्यावरून उतरतील तशा गरम भाकऱ्या आम्ही लसणाच्या चटणीशी खायच्या. ताई म्हणत, "डोंगर पोटात गेला. आता नुसतं जाऊन यायचं."

आळीत मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. पाटी ओट्यावर टेकून तिनं एकदा हा सगळा सोहळा दारातून पाहिला. तिला काही केल्या हिशेब लागेना. "लाकडं नाय आनायची, करवंदं नाय आनायची," ती म्हणाली, "मंग जायाचं कशाला, बाय?"

"परत यायला," ताई म्हणाल्या.

कोळीण हसली, पण मान मात्र तिनं डोलावली. तिचा नवरा समुद्रावर जाणारा होता.

पाठ फिरवायची म्हणजे फिरवायची, हे एका वर्षी कळलं. माझ्या चपलांनी मला असा दगा दिला की मी दर झाडाखाली बसत होते, आणि मी पुढे, त्यामुळे अख्खी रांग बसत होती. देवळाशी पोहोचलो तेव्हाच ऊन ठरल्या जागी आलं होतं. गडाचा दरवाजा डोळ्यांसमोर. दोन-चार वळणं राहिलेली. बायका म्हणाल्या, ताई, आता एवढ्यासाठी? एकदोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या, टाच आपटली आणि म्हणाल्या, "डोंगर कुठे जात नाही. गाडी जाते." आणि चालू लागल्या. खाली आल्यावर माझ्या पायाला तेल लावून दिलं आणि सांगितलं, की पुढल्या वर्षी बूट घे. मी घेतले. माझ्या नवऱ्यानं महिनाभर माझी टवाळी केली. करू दे.

आता मधमाश्यांचं सांगते.

कर्नाळ्याच्या सुळक्याला मोठाली पोळी लागलेली असतात. धूर गेला की माश्या उठतात आणि मग देव आठवतो. म्हणून ताईंचा नियम होता: चूल नाही, उदबत्ती नाही, केसांत गजरासुद्धा नाही. देवीची ओटी भरा, नारळ ठेवा, नमस्कार करा, चला. पण बायकांना देवीपुढे हात हलवत जायला सांगणं सोपं आहे का? पुढे एका वर्षी सुशीलेच्या सासूनं, नानींनी, तिच्याजवळ उदाची पुडी दिली होती. लग्नाला वर्षं झाली होती, घरात पाळणा हलला नव्हता. देवीला ऊद घालून ये, या बोलीवरच नानींनी तिला सोडली होती. ऊद न घालावा तर घरी सासूला काय तोंड दाखवायचं, आणि घालावा तर ताईंचा नियम. बिचारीनं कुणाला विचारलं नाही. आम्ही गडाच्या तटाशी शिदोऱ्या सोडत होतो, तेवढ्यात ती देवळात राहिलेलं काही आणते म्हणून मागे वळली आणि तटाच्या खालच्या कोपऱ्यात, देवळाकडे तोंड करून, खापरीवर कापूर पेटवून तिनं उदाची अख्खी पुडी ओतली.

वारा खालून वर होता. आम्हाला आधी वास आला, आणि मग तो आवाज. पिठाची गिरणी लांबून ऐकू येते तसा.

ताई उठल्या. ओरडल्या नाहीत. "बसा. पदर तोंडावरून घ्या. हात हलवायचा नाही," एवढं बोलून त्या धुराच्या दिशेनं गेल्या. सुशीला खापरीसमोर हात जोडून तशीच उभी होती, तिला पळणंही सुचत नव्हतं. ताईंनी बुटानं माती लोटून ऊद विझवला, तिला खाली बसवली, आपला पदर तिच्या डोक्यावरून पार गुडघ्यांपर्यंत पसरला आणि स्वतः उघड्या डोक्यानं तिच्या अंगावर ओणव्या झाल्या. हे मी पदराच्या फटीतून पाहिलं. मला त्या वेळी वाटलं की उठावं, आणि मी उठले नाही, कारण हलायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं.

माश्या शांत झाल्या तेव्हा आम्हां एकदोघींना एखाददुसरा डंख होता. सुशीलेला एकही नाही. ताईंचा चेहरा मात्र बघवत नव्हता. थोड्याच वेळात दोन्ही डोळे सुजून मिटले.

आणि ज्यांना डोंगर ठाऊक त्यांनाच दिसेना! इतकी वर्षं त्या आम्हाला दटावून विचारत होत्या ना, मी दिसेनाशी झाले तर? आता आम्ही त्यांना दिसेनाशा झालो होतो. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात सुशीला पुढे आली, त्यांचा हात तिनं आपल्या खांद्यावर ठेवला आणि उतरायला लागली. आता हलते दगड, ताई. आता डावीकडची वाट सोडायची. आता उंबर. सगळी वाट ती बोलत होती आणि जिथे अडखळे तिथे मागून दुसरी कुणी सांगत होती. उकडीत नखानं कोरलेली ती वाट आमच्या बोटांना पाठ होती. कुणी चुकलं नाही. ताई मधूनच सुजलेल्या तोंडानं हुं म्हणत, वर्गात बरोबर उत्तराला म्हणत तसं.

आळीत शिरलो तेव्हा उजेड होता. आम्ही म्हटलं, ताई, आधी घरी चला. त्या ऐकेनात. मला नानांकडे न्या, म्हणाल्या.

नाना ओट्यावरच होते. तो चेहरा पाहून झोपाळा थांबला. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चूक माझी आहे. धूर करू नका असं मी सांगितलं, पण कुणाला देवीचं काही फेडायचं आहे का, हे विचारलं नाही. बेतात तेवढी जागा ठेवायला हवी होती.

कुणी ऊद घातला हे त्यांनी सांगितलं नाही. नानांनी विचारलंही नाही. त्यांनी आत हाक मारून विचारलं, "दिवे लागले का हो?"

आतून नानींचा आवाज आला, नाही.

"मग वेळेत आल्या," नाना म्हणाले आणि झोपाळा पुन्हा हलला.

नानी मात्र बाहेर आल्या. त्यांनी ताईंचा चेहरा पाहिला, मग सुनेचा पाहिला, आणि सगळं समजल्या. त्यांनी चुन्याची डबी आणली, ताईंना पायरीवर बसवलं आणि उजेड आहे तोवर एकेक काटा नखानं काढत बसल्या. पुढच्या वर्षी पहिल्या रविवारी उकडीच्या पाटाशी सगळ्यांत आधी कोण येऊन बसलं असेल? नानी! म्हणाल्या, माझा दाणा कुठे? ताईंनी तो माझ्याही पुढे ठेवला. माझा पहिला नंबर गेला तो गेला. त्या दिवसापासून बेतात एक प्रश्न वाढला होता: देवीचं कुणाचं काय आहे ते इथेच बोला.

वर्षं गेली. आळीत विजेचे दिवे आले. ताई निवृत्त झाल्या, गुडघे गेले, मग छातीचं दुखणं लागलं. शेवटच्या वर्षी उकड नानींनी मळली. ताईंनी अंथरुणावर पाट घेऊन फक्त सुळका खेचला आणि वाट कोरली. वाट थोडी वाकडी गेली, तेव्हा पुसून पुन्हा कोरली. आता सगळ्यांना नेणार कोण, असं विचारल्यावर सुशीलेकडे बोट केलं. निघायच्या सकाळी खिडकीतून त्यांनी आम्हाला फक्त पाय दाखवायला सांगितले. एव्हाना आम्ही सगळ्याच बुटांत होतो; प्रत्येकीच्या नाड्या पाहिल्या.

सगळं बेताप्रमाणे झालं. ऊन ठरल्या जागी आलं आणि सुशीलेनं पाठ फिरवली. गाडी वेळेवर मिळाली. आणि वाटेत पेंढ्यानं शिगोशीग भरलेली एक बैलगाडी रस्त्यात आडवी कलंडलेली. पुढे गाड्या, मागे गाड्या. आम्ही उतरून पेंढा उचलू लागलो, सगळ्या जणी, हाताला ओरखडे येईपर्यंत. पण सूर्याला कोण थांबवणार? गाडी पनवेलच्या वेशीवर आली तेव्हा पुरतं अंधारलं होतं.

सुशीला तोंड दाबून रडत होती. माझ्या हातून गेलं, म्हणत होती. ताईंनी इतकी वर्षं सांभाळलं आणि पहिल्याच वर्षी माझ्या हातून गेलं. नाना शब्दाचे पक्के होते. आमच्या मुली मोठ्या होत होत्या, पुढच्या वर्षी त्यांना न्यायचं ठरलं होतं.

आळीच्या तोंडाशी आलो आणि थबकलो. आळीत काळोख होता. एका घरात दिवा नाही. मी म्हटलं, वीज गेली वाटतं. पण नाक्यावरच्या खांबावरचा दिवा तर चांगला जळत होता. आणि ओट्याओट्यांवर माणसं बसलेली.

नानांच्या ओट्यावरून आवाज आला, "दिवे लागले का हो?"

"नाही," नानी म्हणाल्या. त्या वर्षी गुडघ्यांमुळे त्याही घरीच होत्या, आणि दारात बटणापाशी राखण करत उभ्या होत्या.

"मग वेळेत आल्या." थोडं थांबून नाना कुरकुरले, "खांबावरचा धरायचा नाही. तो सरकारी. आता मला पेपर वाचू द्या."

ही करामत कुणाची ते नानींनी मागाहून सांगितलं. ऊन उतरलं तरी गाडी येईना, तेव्हा ताई उठल्या. आठवडेच्या आठवडे अंथरूण न सोडलेली बाई. छत्री टेकत आळीतल्या दर घरी गेल्या आणि सांगितलं, माझ्या बायका येईपर्यंत दिवा लावू नका. "दर ओट्याच्या पायऱ्या चढली हो," नानी म्हणाल्या. "खालून हाक मारली असती तरी आम्ही ऐकलं असतं." शेवटी त्या नानांकडे गेल्या. नानांनी म्हणे स्वतः आत जाऊन देवघरातल्या निरांजनाची वात मागे ओढून विझवली.

आणि ही तीच बाई, जिनं गडाचा दरवाजा समोर दिसत असताना आम्हाला माघारी वळवलं होतं.

आम्ही ताईंच्या घराशी आलो. त्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. श्वास मोठा चालला होता. शेजारी कंदील, मांडीवर काड्यापेटी.

"सगळ्या आल्या?"

"आल्या," सुशीला म्हणाली.

"कुणी मागे?"

"कुणी नाही, ताई."

त्यांनी काड्यापेटी तिच्या हातात दिली. "लाव आता."

सुशीलेनं काडी ओढली. मागे एकेका घरात दिवे लागल्याचं मला जाणवत होतं, पण मी वळून पाहिलं नाही. कंदिलाची वात वर झाली आणि मला ताईंचे पाय दिसले. सुजलेले, पायरीवर जोडून ठेवलेले. पायांत तपकिरी कॅनव्हासचे बूट होते, आणि नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली होती.